मागची दोन चाकं

“पुढचे दोनच नवे घाला,” गुनवोर म्हणाली. “मागचे अजून चालतील.”

हाल्वारने लिफ्टवर चढवलेल्या छोट्या लाल गाडीच्या मागच्या टायरवरून अंगठा फिरवला. खाचा पार उथळ झाल्या होत्या आणि बर्फात पकड देणारे निम्मे खिळे गळून पडले होते. ऑक्टोबर संपत आला होता. सकाळी पडलेला बर्फ दुकानासमोर अजून तसाच होता.

“नाही चालणार. घालायचे तर चारही.”

“अहो, पण गाडी ओढतात ती पुढची चाकं. मागची नुसती फरफटत येतात.”

“म्हणून तर जास्त भीती. पुढून गाडी छान पकड घेते, माणसाला वाटतं रस्ता चांगला आहे. मग उताराच्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलला की मागचा भाग भर्रकन बाहेर जातो. त्यानंतर स्टिअरिंग कितीही फिरवा.”

“गाडी माझी आहे.”

“आणि दुकान माझं. दोनच हवे असतील तर पुढच्या गावी जा. मी त्यांनाही आत्ताच फोन करून ठेवतो, घालू नका म्हणून.”

कोपऱ्यातल्या टेबलामागे हाल्वारची बायको इंगेगेर्ड बसली होती. ती हसली. “त्याच्याशी वाद घालू नका. गेल्या वर्षी पाद्रीबुवांना असंच हाकललं यानं. पुढच्या रविवारी ते प्रवचनात चार चाकांवरच बोलले.” तिने थर्मासमधली कॉफी ओतून पेला पुढे सरकवला.

गुनवोरने पेल्याला हात लावला नाही.

दीडशे किलोमीटर गाडी चालवत ती इथे आली होती. सबंध वाटेत तिने एकच प्रसंग घोकला होता. आपण दोन टायर मागायचे, हा माणूस खुशाल ‘हो’ म्हणणार, आणि मग पर्समधला फोटो त्याच्यासमोर आपटायचा. पण तो ‘हो’ म्हणालाच नाही. आता हा राग घेऊन काय करायचं, ते तिला कळेना.

“पहिल्यापासूनच इतके हट्टी आहात?” तिने विचारलं.

हाल्वारने पाना खाली ठेवला. “नाही. सहा वर्षं झाली.”

गुनवोरने पर्स उघडून फोटो टेबलावर ठेवला. पिवळ्या लोकरी टोपीतली एक तरुण मुलगी, डोळे मिटून खदखदून हसणारी.

“माझी सिव. तेवीस वर्षांची होती.”

हाल्वार दोन पावलं पुढे आला आणि थांबला. फडक्याने त्याने हात पुसले, पुन्हा पुसले, पण फोटो उचलला नाही.

“हो,” तो म्हणाला. “मीच घातले होते. दोनच.”

“तळ्याकाठच्या वळणावर गाडी गर्रकन फिरली. समोरून लाकडांचा ट्रक येत होता.” गुनवोरचा आवाज चढला नाही. “पुढचे टायर कोरे, मागचे गुळगुळीत, असं पोलिसांनी लिहिलं. तेव्हापासून माझा नवरा या गावाचं नाव घेत नाही. दर हिवाळ्याआधी आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या गाड्यांची चाकं तो स्वतः बदलून देतो. चारही. त्यांच्याकडून कॉफीसुद्धा घेत नाही. गेल्या वर्षी पाठीत लचक भरली होती तरी बर्फात आडवा झोपून बोल्ट आवळत होता. असा माणूस आहे तो. तुमच्यामुळे झाला तसा.”

हाल्वारने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

“तिने तुम्हाला काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत, ते मला ऐकायचंय. शब्दन् शब्द.”

“चूक माझी आहे. मी तिला तसं जाऊ द्यायला नको होतं. आणखी काय सांगू?”

“म्हणजे तुम्हीच म्हणालात, दोन पुरे आहेत.”

“तसंच समजा.”

“समजा नको. हो की नाही?”

हाल्वारने खाली ठेवलेला पाना पुन्हा उचलला.

“सांग ना, हाल्वार,” इंगेगेर्ड म्हणाली.

“तू मध्ये पडू नकोस. मी शब्द दिलाय.”

“तू दिलायस. मी नाही.” खुर्ची मागे सारून ती उठली. सहा वर्षं ती हेच बघत आली होती. बर्फ पडायला लागला की नवरा जेवणावरून उठून जायचा, झोपेत दचकायचा. “बाई, आधी बसा.”

गुनवोर बसली नाही.

“तुमच्या मुलीला चारच हवे होते. तिने स्वतः निवडले, आणि मीच ते बाहेर काढून ठेवले. हाल्वारने तुम्हाला आत्ता जे सांगितलं ते सगळं तिलाही सांगितलं होतं. मग तिने घरी फोन लावला. फोन या टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. मी इथेच बसले होते.”

“मला फोन आला नव्हता,” गुनवोर म्हणाली. “त्या दिवशी मी कामावर होते.”

“फोन तुमच्या नवऱ्याने उचलला.” इंगेगेर्डने तिचं मनगट घट्ट धरलं. “तो म्हणाला, पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, दोन पुरे, दुकानदाराचं ऐकू नकोस. आणि तिला पुरल्यावर दुसऱ्याच दिवशी तो इथे आला, याच फरशीवर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, माझ्या बायकोने कधी विचारलं तर दोन पुरे असं तुम्हीच म्हणालात म्हणून सांगा.”