दुखते म्हटलं की

"हिला दवाखान्यात काय त्रास होतो, काका?" डॉक्टरांनी सवयीनं वडिलांनाच विचारलं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी तिथे काय बदलायचं, हे ठरवायला बैठक होती आणि यंदा प्रथमच तरुण रुग्णांनाही बोलावलं होतं.

आजवर लेकीच्या वतीनं वडीलच बोलत आले होते. आताही त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. "तिलेच विचारा. दुखते तिले, मी नुसता पाहतो."

सतरा वर्षांची शेवंता उभी राहिली. "हाडं दुखायला लागली की आम्ही इथे येतो. पण रडत नाही. रडलं की आणखी दुखते. मग सिस्टर म्हणतात, एवढं काही दिसत नाही, बाकावर बस. लहान पोरांना मी सांगते, आत जायचं असेल तर खोटं खोटं रडा. पण असं शिकवायला मला आवडत नाही."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "मग आम्ही काय करायचं?"

"दुखते म्हटलं की आधी औषध द्या. बाकीचं मग विचारा."

बैठक संपल्यावर मोठ्या सिस्टर तिच्याजवळ आल्या. "मागच्या वेळी मीच तुला बसवून ठेवलं होतं ना?"

"हो."

"सोमवारी नव्या नर्स मुली कामावर येताहेत. त्यांना हे तू सांगशील?"

शेवंतानं वडिलांकडे पाहिलं. ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभे होते.

"सांगीन," ती म्हणाली.