उघड्या पिंजऱ्यांचं कापड

आभार मानू नकोस, असं बू मुर्तिनीनं दोनदा सांगून झालं, तरी वेनिंग काही ऐकेना. सेमारांगहून चार तास बसमधून धक्के खात ती लासेमला आली होती ती आभार मानायलाच. नारळाच्या वड्यांचा डबा तिनं बूच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खाली चटईवर बसली.

आत येण्याआधी मात्र तिनं फाटकातून नीट डोकावून घेतलं होतं. दहाबारा बायका मेणाच्या कढयांभोवती बसल्या होत्या. त्यांत तिची आई नव्हती. सुट्टीवर असेल आज, बरंच झालं, असं मनाशी म्हणत ती आत शिरली. आईचं तोंड बघायचं नाही, हे तिनं अकरा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

वेनिंगचं लहानपण याच अंगणात गेलं. सगळे जिला मानानं बू, म्हणजे आई, म्हणत ती मुर्तिनी बांबूच्या चौकटीवर टाकलेल्या कापडावर गरम मेणानं चित्र काढायची. मग कापड उलटून मागच्या बायकांकडे जाई. पुढची प्रत्येक रेघ मागूनही मेणानं गिरवायची, नाहीतर लाल रंग पाठीमागून शिरतो आणि रेघ बुडून जाते. वेनिंगची आई तुमिना त्या मागच्या बायकांतली. सगळा दिवस मान खाली घालून काम करायची, आणि घरी नवऱ्यासमोरही मान खालीच.

वेनिंग चौदाची झाली आणि बापानं तिचं लग्न मासळीच्या एका व्यापाऱ्याशी ठरवलं. माणूस चाळिशीचा, आणि ही त्याची तिसरी बायको. शाळा सुटली. पोर रडून रडून अर्धी झाली, पण आईनं हूं की चूं केलं नाही. लग्नाचं कापड व्यापाऱ्यानं बू मुर्तिनीकडेच सांगितलं होतं. ते लग्नाच्या आदल्या दिवशी घरी आलं. इतरांच्या आया अशा वेळी लेकीला कवटाळून रडतात. तुमिनानं घडी पोरीच्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट बघून नेस." झालं, एवढंच. ते तीन शब्द वेनिंगला अजून सलत होते.

"पण मी बघितलं, बू," वेनिंग म्हणाली. "पिंजरेच पिंजरे होते. प्रत्येकात एक पाखरू बसलेलं. गज पांढरे, आणि दाराच्या जागी नुसता लाल रंग. एकाही पिंजऱ्याला दार नाही! मी म्हटलं, अगं वेडे, उघडंच तर आहे, मग तू बसलीस कशाला?"

त्याच दुपारी सगळं घर पेंगत होतं तेव्हा ती परसातून निघाली आणि थेट शाळेच्या बाईंकडे गेली. बाईंनी तिला सेमारांगला आपल्या बहिणीकडे पोचवलं. आता वेनिंग स्वतः मुलींना शिकवत होती, आणि वर्गात नवी मुलगी आली की तिला त्या पिंजऱ्यांची गोष्ट सांगत होती.

बू मुर्तिनीचं नाव मधल्या काळात जकार्तापर्यंत गेलं होतं. घर डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका, तोंडाला कुलूप असलेल्या नवऱ्या मुली, असं काय काय ती कापडावर आणायची. तरी लोक यायचे ते उघड्या पिंजऱ्यांसाठी. पोरींच्या लग्नांविषयी बोलायला गावात कुणाची जीभ रेटत नव्हती, ते या बाईनं कापडावर मांडलं, असं पेपरात आलं होतं. शनिवारी सेमारांगला तिचा सत्कार होता. तिथे वेनिंग बोलणार होती, आणि काय बोलणार ते तिनं कागदावर लिहूनच आणलं होतं.

तिनं ते वाचून दाखवलं. "मला दोन आया आहेत. एकीनं जन्म दिला आणि ऐन वेळी मूग गिळून बसली. दुसरी माझ्या रक्ताची नव्हे, पण तिनं एक अक्षर न बोलता मला दार उघडून दिलं."

"हे वाचू नकोस," बू म्हणाली.

"का? खरं तेच लिहिलंय."

बूनं वड्यांचा डबा नुसताच उघडला आणि लावला. मग तिनं विचारलं, "आईला भेटलीस?"

वेनिंगचा चेहरा कडक झाला. आईनं चुलतभावाकडून तीनदा निरोप पाठवला होता. डोळे अधू झालेत, पुरते जायच्या आत एकदा बघू दे, असा.

"मी रडत होते तेव्हा बघायचं होतं," ती म्हणाली. "माझी तीनची बस आहे, बू."

तिनं उठून म्हातारीचा हात कपाळाला लावला. आजचा हा जन्म तुमचा आहे, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, असं ती म्हणाली. या बाईनं आपल्याला ओळखलं, आपल्यासाठी मेण तापवलं, या विचारानं तिचं मन नेहमीच भरून यायचं.

बूनं तिचा हात सोडला नाही. म्हातारीचे डोळे भरले होते.

"व्यापाऱ्याला बायको घरात टिकेल असं चित्र हवं होतं," ती म्हणाली. "मी सगळी दारं लावलेलीच काढली होती, पोरी. मागून गिरवायला ते कापड तुमिनाकडे होतं. रंगातून बाहेर आलं तेव्हा बघते तर एकूण एक दार बुडालेलं. दुसरं करायला वेळ नव्हता, म्हणून तेच पाठवलं, आणि कापड नासवलं म्हणून तुझ्या आईला मी त्याच दिवशी कामावरून काढलं."