दुसरं पाकीट

पोलीस कार्यालयाच्या खिडकीतून तिच्या हातात एकाऐवजी दोन पाकिटं आली.

"एकाच पत्त्यावरची आहेत," कारकून मान वर न करता म्हणाला. "हा तुमचा चारित्र्याचा दाखला. आणि हा आजींचा. पोचवहीत त्यांची सही लागेल. आल्यात का?"

आल्या होत्या. समोरच्या बाकावर सासूबाई फाइल मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर धरून बसावं तशा.

गुरुवारी व्हिसाची मुलाखत होती. तिची आणि तिच्या लेकीची, छोटीची. नवरा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुढे गेला होता, आता कुटुंबाला बोलावून घ्यायची परवानगी त्याला मिळाली होती. फॉर्मच्या चौथ्या पानावर एक रकाना होता : सोबत येणारे आई-वडील. नवरा फोनवर म्हणाला होता, "आईला विचार आणि भरून टाक." तिनं विचारलंच नाही. रकान्यात 'नाही' लिहिलं आणि त्याला कळवलं, "आई नको म्हणतात. या वयात नवा देश नको, म्हणे." तो म्हणाला, "बरं."

सासूबाई खाष्ट असत्या तर सोपं होतं. पण तसं काही नव्हतं. नऊ वर्षं एका ओट्यापाशी दोघी वावरल्या आणि आवाज चढला तो एकदा-दोनदाच. तिला फक्त आयुष्यात एकदा स्वतःच्या स्वयंपाकघरात डबे आपल्या मनासारखे लावायचे होते. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस एवढं मोठं खोटं बोलू शकतं, हे तिलाही नव्यानंच कळलं होतं. निघायची वेळ आली की सांगू, नियमात बसत नाही म्हणून, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

आणि सासूबाई तर कंबर कसून कामाला लागल्या. लग्नाचा दाखला त्यांनीच शोधला, कपाटातल्या जुन्या शालीच्या घडीतून. छोटीच्या जन्मदाखल्यावर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करायला नोंदणी कार्यालयाच्या चार खेपा त्यांनीच घातल्या. "अहो, एका अक्षरानं काय होतंय?" असं तिथला बाबू म्हणाला, तर त्यालाच ऐकवून आल्या, "सगळीकडे एकसारखं हवं. एक कागद एक बोलतो आणि दुसरा दुसरंच, असं चालत नाही." घरात रोज हाच घोष. सगळीकडे एकसारखं हवं.

इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी नवा चष्मा केला. पाय न घसरणारे बूट आणले. एक दिवस डॉक्टरकडून सगळ्या तपासण्या करून आल्या. एक दिवस फोटो काढून आल्या आणि म्हणाल्या, "बघ, कशी चोरासारखी दिसतेय!" दुपारी छोटीला समोर बसवून तिच्याकडून इंग्रजी बडबडगीतं शिकायला लागल्या, हातवाऱ्यांसकट. पाठ चुकला की छोटी त्यांना कोपऱ्यात उभं करायची. त्या निमूट उभ्या राहायच्या. ते बघून ती उठून स्वयंपाकघरात निघून जायची. हे सगळं कशासाठी, असं तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिलाही काहीतरी सांगावं लागलं असतं.

आणि आता हे पाकीट. म्हणजे पोलिसांचा दाखलाही काढून झाला होता. आता नुसतं तिकीट तेवढं राहिलं होतं.

तिनं आपलं पाकीट उघडलं. 'सदर व्यक्तीविरुद्ध कोणताही गुन्हा नोंदलेला नाही.' खाली गोल शिक्का. तिला तो कागद हातात धरवेना. ती बाकावर जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसली.

"आई, तुमची सही हवीय. पण त्याआधी एक सांगते. फॉर्मवर तुमचं नाव नाही. नियम आडवा आला नाही, मीच आडवी आले. मी तुम्हाला विचारलंच नाही. आणि ह्यांना सांगितलं, तुम्हीच नको म्हणालात."

सासूबाईंनी नवा चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा चढवला.

"पाकीट फोड," त्या म्हणाल्या.

"आई, मी काय म्हणाले ते ऐकलंत का?"

"कान शाबूत आहेत माझे. फोड आणि वाच."

तिनं फोडलं. नाव. पत्ता. चोरासारखा फोटो. गुन्हा नाही. अगदी खाली उद्देशाचा रकाना. तिच्या दाखल्यावर तिथे 'परदेशी वास्तव्य' होतं. यावर टाइप केलं होतं : 'पाळणाघरात मदतनीस म्हणून नोकरी.'

"लहान मुलांत काम म्हटलं की पोलिसांचा दाखला लागतोच म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरचाही लागतो. आणि ती गाणी! तुम्ही निघालात की दुसऱ्या दिवसापासून येते म्हणून सांगितलंय त्यांना."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, खिडकीपाशी गेल्या, कारकुनाचं पेन घेतलं. ती मागोमाग गेली.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"तू त्याला सांगितलंस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू आंघोळीला गेली होतीस, फोन मी उचलला. म्हणाला, 'आई, तू खरंच नको म्हणालीस?'" त्यांनी सावकाश, एकेक अक्षर घोटून सही केली आणि ती दाखल्यावरच्या नावाशी ताडून पाहिली. "मी म्हटलं, हो रे, मीच नको म्हणाले. सगळीकडे एकसारखं हवं ना."