साठच्या वर नाही

चढावर पुढचा ट्रक रेंगाळला, म्हणून मी उजवीकडून ओव्हरटेक करायला निघालो आणि चढ संपताच अडकलो. कंपनीनं माझ्या गाडीचा वेग साठवर बांधलाय. पॅडल तळापर्यंत दाबलं तरी काटा पुढं सरकत नाही. त्याचंही तेच असावं. रिकाम्या रस्त्यावर दोन ट्रक शेजारीशेजारी, कुणीच पुढं जाईना.

अशा वेळी डावीकडच्यानं जरा पाय उचलून वाट द्यायची, ही आमच्यातली रीत. हा गडी उचलेना. चार शिव्या हासडायला मी क्लीनरच्या रिकाम्या सीटवरून त्याच्याकडं पाहिलं. कंपनीनं क्लीनर काढला आणि कॅमेरा बसवला. मान वळली की तो किंचाळतो. किंचाळलाच.

पलीकडच्या खिडकीत पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर हसत होता. त्याच्याही शेजारी कुणी नव्हतं. त्यानं पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया उडवल्या. जेवलास का?

घर सोडल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. मी मानेनंच हो म्हटलं. खोटंच.

त्याचं समाधान झालं असावं. त्यानं पाय उचलला, मला वाट दिली. त्याची खिडकी मागं सरकू लागली.

मीही पाय उचलला.

काटा चाळीसवर आला, त्याची खिडकी पुन्हा शेजारी आली, तसा कॅमेऱ्याच्या डब्यातून ऑफिसचा आवाज आला, "लोंढे, गाडी एवढी हळू का?"

"चढ लागलाय, साहेब," मी म्हणालो.

समोर रस्ता सपाट होता आणि लांबवर कुणी नव्हतं.