हिरवा चुडा

आरोही आजही रुपालीलाच चिकटून बसली होती. बाहेर अंगणात कासारीण संक्रांतीच्या बांगड्या घेऊन आली होती, आणि आत माजघरात ही पोर चुलतीचं मोकळं मनगट दोन्ही हातांनी धरून स्वतःशीच डोलत होती. उंबऱ्यातून ते पाहून वृषालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

खस्ता खायच्या आईनं, आणि लळा मात्र जावेचा! आधी नारायणगावला, मग पुण्याला दवाखान्याचे हेलपाटे कुणी घातले? टोचतो म्हणून प्रत्येक फ्रॉकचा टॅग कोण कापतं? भाताला वरण लागलं तर पोर ताट ढकलते, म्हणून वेगळ्या वाट्या कोण मांडतं? आणि तीच वृषाली जवळ गेली, की आरोही कान दाबून भिंतीकडे तोंड करायची.

आरोहीला ऑटिझम आहे, हे पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. पोर वेडी नाही, हट्टी नाही. तिला जग जरा जास्तच मोठ्यानं ऐकू येतं. वृषालीनं मिक्सर गोठ्यात नेला, कुकरची शिट्टी बंद केली. पण पोर आईलाच का टाळते, हे विचारायला तिची जीभ रेटली नाही. तिनं आपलाच उपाय काढला. लहान मूल खुळखुळ्याला भुलतं, तशी ती आरोहीसमोर हात हलवून बांगड्या वाजवायची. "ये गं माझी बाय!" पोर आणखी आक्रसायची. वृषाली आणखी जोरात वाजवायची.

थोरले दीर गेल्यापासून रुपालीचे हात मोकळे होते. सगळं येडगाव तिच्यासाठी हळहळायचं. वृषाली मात्र तिच्यावर जळायची, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. विधवेचा हेवा करणारी बाई गावात ती एकटीच असेल.

"रुपाली, भाईर ये," अंगणातून सासूबाईंनी हाक मारली. कासारणीला त्या म्हणाल्या, "हिचंबी हात भर. लई दिस झालं. माझी सून मोकळ्या हातानं फिराया नको."

रुपाली आधी नको म्हणाली, मग डोळे पुसत बसली. हिरवा चुडा चढला. तिनं हात उचलून पाहिले आणि कितीतरी दिवसांनी हसली. त्याच आनंदात ती आत गेली आणि आरोहीला जवळ घ्यायला वाकली. बांगड्या किणकिणल्या.

आरोहीनं कान दाबले आणि भिंतीकडे तोंड केलं.

वृषालीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. भोग आता! मग तिला रुपालीचा पडलेला चेहरा दिसला. तिची नजर जावेच्या मनगटावरून स्वतःच्या मनगटावर आली. पोर आईला कधी टाळतच नव्हती.

रुपालीलाही उमगलं. ती नवा चुडा उतरवायला लागली. वृषालीनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, जाऊबाई. तुमाला आत्ता कुठं मिळाल्यात. मी काढते."

"अगं, नवरा जिता हाय तुझा!" सासूबाई ओरडल्या. "ऐन संक्रांतीला मोकळं हात?"

"त्यांना काय व्हत न्हाई, आत्याबाई. पोरीच्या कानाला तरास व्हतोय."

मोरीत जाऊन तिनं साबण लावला. एकेक बांगडी सोडवून ती वाजू न देता टॉवेलवर ठेवली. मग आरोहीशेजारी जाऊन बसली. हाक मारली नाही. हात हलवला नाही.

बऱ्याच वेळानं पोरीचे हात कानांवरून खाली आले. त्यातला एक सरकत आला आणि त्यानं आईचं मोकळं मनगट धरलं. वृषालीला हुंदका फुटत होता, पण आवाज होईल म्हणून तिनं तो गिळला.

उंबऱ्यात रुपाली भरल्या हातांनी उभी होती. ती नजर वृषालीनं लगेच ओळखली. आजवर त्याच उंबऱ्यातून ती स्वतः तशीच बघत आली होती.

"या, बसा हितं," ती कुजबुजली. "फकस्त हात हलवू नका."