पहिली धार

सकाळपासून मंदाबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. धुळ्यातल्या त्यांच्या खानावळीत तीन वर्षं जेवलेली दिपमाला वनरक्षक झाली होती, आणि तिचे वडील, पुना, सातपुड्यातून खास भेटायला निघाले होते. निघताना त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "आक्का, तुम्हनाकरता पहिली धार लई येस."

पहिली धार आणतायत, म्हणजे चीक. म्हणजे गाय व्याली. म्हणजे खरवस! मंदाबाईंनी लगेच गूळ किसला, वेलदोडे कुटले, कुकर घासून ठेवला आणि शेजारच्या धुरपदाबाईंपासून आख्ख्या गल्लीला वाटी घेऊन या म्हणून सांगून टाकलं.

त्यांची ही धावपळ बघून दिपमालाला घोटाळा कळला. तिच्या घरी गाय नव्हतीच. दारात मोहाचं झाड होतं, आणि मोहाच्या फुलांची दारू गाळताना सगळ्यात आधी जी उतरते, तिलाही पहिली धारच म्हणतात.

ती वडिलांना फोन लावत राहिली, तो लागेना. मंदामावशींना सांगायची हिंमत होईना. ज्याच्या तोंडाला दारूचा वास त्याचा डबा बंद, हा खानावळीचा नियम त्यांनी सख्ख्या भावालाही लावला होता. जिने पोटच्या पोरीसारखं खाऊ घातलं, तीच आज आपल्या बापाला दारातून परत पाठवणार, या विचाराने तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात नासीरभाईंची रिक्षा दारात थांबली. भरतीच्या सरावासाठी दिपमालाला रोज मैदानावर सोडणारे हेच, आणि आज स्टँडवरून तिच्या बापालाही त्यांनीच आणलं. त्यांच्या हातात पुनांनी दिलेली चारोळ्यांची पुडी होती. नासीरभाई पीत नाहीत, हे पुनांना माहीत होतं.

पुना हसत उतरले. पिशवीतून बाटली काढून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. मंदाबाई पातेलं घेऊन तयारच होत्या. पण बाटलीतलं पाण्यासारखं नितळ होतं. त्यांनी टोपण काढून हुंगलं आणि एकदम दिपमालाकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

पुनांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी बाटली परत घेऊन टोपणभर धार आधी अंगणातल्या मातीत सोडली, हात जोडले आणि बाटली पुन्हा मंदाबाईंच्या हातात दिली.

"हाई पोर जनमनी तवय पहिली धार दाईले दिधी व्हती," ते म्हणाले. "आते ती दुसरांदा जनमनी. मंग हाई धार तुम्हनीच ना, आक्का."

मंदाबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली.

धुरपदाबाई वाटी घेऊन फाटकाशी आल्या. खरवस झाला का, म्हणून विचारू लागल्या.

मंदाबाईंनी बाटलीवर पदर ओढला.

"पहिली धार वाटायची नसते, धुरपदाबाई," त्या म्हणाल्या. "ती दाईची राहते."