सगळ्यात आवडलेला आवाज

ठकीचे कान ठणठणीत निघाले तेव्हा धाकटीला हायसं वाटायला हवं होतं. उलट काळजी वाढलीच. कान चांगले, मग लेक दीड वर्षाची होऊन गेली तरी तिच्या तोंडून एक शब्द का नाही?

"हिचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोलेल. दिवसभर हिच्याशी बोलणारं कुणी असतं ना?"

"माझी ताई असते. सख्खी बहीण," धाकटी घाईघाईने म्हणाली, जणू कुणी आरोपच केला होता.

ताई त्याच इमारतीत एक मजला खाली राहायची. धाकटी कामावर निघाली की ठकी खाली, संध्याकाळी परत वर. तक्रारीला जागाच नव्हती. ठकी यायची ती न्हाऊमाखू घातलेली, जेवलेली, हसरी. फक्त मुकी.

घरी पोचेपर्यंत सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. तपासणीचं कुणाला सांगायचं नाही, असं नवराबायकोत ठरलं होतं.

"तू सांगितलंस त्यांना?"

"आई आहे माझी. तिने विचारल्यावर खोटं बोलू?"

"खोटं कशाला? गप्प बसता येतं माणसाला."

"ते आपल्या लेकीला छान जमतंय," नवरा म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पण बोलून गेला होता.

सासूबाई काय म्हणाल्या तेही त्याने सांगून टाकलं. सून दिवसभर कामावर गावाचे आवाज ऐकते, पोटच्या पोरीचा कधी ऐकणार? आणि त्या ताईला काय कळतं मुलांचं? तिला कुठे आहे मूल?

पहिलं बोलणं धाकटीने गिळलं. दुसरं मात्र जिव्हारी लागलं. ताईला कुणी असं बोललेलं तिला खपत नसे.

नवरा झोपल्यावर ती ठकीला मांडीवर घेऊन बसली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"आई. म्हण, आई."

ठकीने तिच्या नाकाला बोट लावलं आणि खुदकन हसली.

"बरं, आई कुठंय? दाखव."

ठकीने मान वळवून दाराकडे पाहिलं.

धाकटीचे डोळे भरून आले. आई म्हणजे रोज दाराबाहेर जाणारी बाई, एवढंच पोरीला कळलं असेल, तर चूक कुणाची?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ठकीला आणायला खाली गेली. ताई पोरीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"ताई, मी नोकरी सोडते."

"डोकं फिरलंय का? सासू बोलली म्हणून?"

"सासूचं जाऊ दे. तुझ्याशी तरी बोलते का गं ठकी? एखादा शब्द?"

ताईने एक इवलासा मोजा झटकला. त्याचा जोडीदार शोधायला ती खाली वाकली.

"बोलली असती तर तुला सांगितलं नसतं का?"

धाकटी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. साऱ्या जगात हीच एक जागा होती, जिथे रडलं तर दुसऱ्या दिवशी कुणी टोमणा मारत नसे.

"नोकरी सोडू नकोस," ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मी आहे ना. आणि कानाला ते लावून दिवसभर गाणी ऐकायची, इतकं सुखाचं काम कुणी सोडतं का, वेडे?"

"गाणी नसतात गं ताई. किती वेळा सांगितलं."

"तेच ते."

सकाळी ऑफिसात धाकटीने साहेबीणबाईंना सांगितलं, नोकरी सोडायचं मनात होतं, पण मी राहते. "सांभाळायला माझी बहीण आहे." बाई म्हणाल्या, "नशीबवान आहेस."

शहरातले आवाज लोकांना कसे वाटतात याची नोंद करण्याचं ते काम. सगळे ज्याला कानसेन म्हणायचे तो सहकारी माइक घेऊन चौकात, बसथांब्यावर, बागेत उभा राहायचा. थोडा वेळ नुसते आवाज टिपायचा, मग जवळच्या कुणाला तरी विचारायचा. नाव-पत्ता विचारायचा नाही, हा नियम. धाकटी ते ऐकून वर्गवारी करायची: आल्हाददायक, त्रासदायक, गजबजलेला, कंटाळवाणा. आवाज कशाचा याला महत्त्व नाही, ऐकणाऱ्याला काय वाटलं ते लिहायचं. एका दुकानदाराला शटरचा खडखडाट आल्हाददायक वाटला होता, कारण त्यानंतर तो घरी जायचा. धाकटीचा कान तयार होता. जिन्यातल्या नुसत्या पावलांवरून कोण येतंय ते ती सांगायची.

"आज बागेतलं आहे," कानसेन म्हणाला. "गोड आहे एकदम. तुला बरं वाटेल."

तिने हेडफोन चढवले. झोक्याची कुरकुर. साळुंक्यांचं भांडण. लांबवर ब्रेक दाबणारी बस. आणि मग एक लहान मूल, खणखणीत, न अडखळता.

"आई, उंच. आई, अजून."

धाकटीने ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. ठकीपेक्षा थोडी मोठी असावी. कुणाच्या तरी घरात हा आवाज रोज उठता-बसता ऐकू येत असेल, आणि त्या बाईला त्याचं काही वाटतही नसेल. आपल्यालाही येईल ऐकू. तिने नोंद केली: लहान मूल, हाक. वर्ग उत्तर ऐकल्यावर.

पुढे कानसेनचा आवाज आला. "माफ करा, एक विचारू? इथला तुम्हाला सगळ्यात आवडलेला आवाज कोणता?"

झोका थांबला.

"हा काय, आत्ता तुम्हीही ऐकलात," ताई म्हणाली. "माझी लेक मला आई म्हणते ना, तो."